चौदा नंबरची रानगाय

एका जनावराच्या गळ्यातला पट्टा सोडवून आणायचा, एवढ्यासाठी तिघं जण कालाहारीच्या रानात निघाले होते!

पट्टा साधासुधा नव्हता. तीन वर्षांपूर्वी डॉ. प्रेरणानं तो स्वतःच्या हातानं एका विल्डेबीस्ट मादीच्या, म्हणजे गाईएवढ्या मोठ्या हरणाच्या, गळ्यात बांधला होता. ती मादी कुठं चरली, कुठं पाणी प्यायली, कोणत्या वाटेनं किती चालली, हे सगळं पट्ट्यातल्या एका डबीत दर दोन तासांनी साठत होतं. सुरुवातीला ही माहिती उपग्रहावरून थेट प्रेरणाच्या संगणकावर यायची. आठव्या महिन्यात ते बंद पडलं. मुदत संपल्यावर पट्टा आपोआप गळून पडायला हवा होता, तोही पडला नाही. आता डबीत तीन वर्षांचा प्रवास होता, डबी रानात फिरत होती आणि जवळ गेल्यावर रेडिओवर ऐकू येणारी पट्ट्याची टिकटिक तेवढी शाबूत होती.

बोत्स्वानाच्या या भागातून एक जुनं तारेचं कुंपण जात होतं. पाळीव गुरांना रोग लागू नये म्हणून ते कधीकाळी घातलेलं. पाऊस हुकला की विल्डेबीस्टचे कळप पाण्याच्या ओढीनं निघत, त्या तारेशी येऊन अडत आणि तिथंच मरत. कुंपणाला वाट ठेवायची का आणि कुठं, हे ठरवायला एक समिती बसणार होती. तिनं प्रेरणाकडं पुरावा मागितला होता. पुरावा चौदा नंबरच्या मादीच्या गळ्यात होता, आणि बैठकीला उरले होते तीन आठवडे.

प्रेरणा बत्तीस वर्षांची, छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात वाढलेली पशुवैद्य. आजोळ लासूर स्टेशनचं. सुट्ट्यांत आजोबांच्या, आप्पासाहेबांच्या, गोठ्यात वासरांमागं पळता पळताच तिनं हा पेशा ठरवून टाकला होता. गाडी चालवायला होता इलियास. तो सिल्लोडचा, पन्नाशीचा. बोअर पाडणाऱ्या गाडीवर मिस्त्री म्हणून या देशात आला आणि सहा वर्षांपासून संशोधकांच्या कॅम्पवर गाड्या, पंप, जनरेटर सगळं सांभाळत होता. कॅम्पवर पहिल्या दिवशी "गारखेड्यात कुठं?" असं त्यानं अस्सल मराठवाडी ठसक्यात विचारलं, तेव्हा प्रेरणाला रडूच आलं होतं. तिसरे होते मोथुसी, साठी ओलांडलेले माग काढणारे. त्यांना सगळे 'रा मोथुसी' म्हणत. 'रा' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतून चाले.

ऑक्टोबरचा शेवट होता. सकाळी आठलाच ऊन डोळ्यांत घुसत होतं. रस्ता म्हणजे वाळूत उमटलेल्या चाकांच्या दोन चाकोऱ्या, आणि त्यांच्या मधोमध छातीएवढं वाळलेलं, पिवळंधमक गवत. गाडी त्या गवतावरून पोट घासत चालली की बियांचा नुसता पाऊस उडायचा. या बिया रेडिएटरमध्ये अडकतात, गाडीखाली तापलेल्या नळीवर साचतात आणि पेटतात. म्हणून इलियासनं पुढं जाळी बांधली होती, शिवाय दर अर्ध्या तासाला तो गाडी थांबवायचा, खाली सरपटायचा आणि लोखंडी आकड्यानं सगळं गवत ओढून काढायचा.

"लई वेळ जातो याच्यात, इलियासभाई," प्रेरणा म्हणायची.

"जाऊ द्या ताई. गाडी जाण्यापरीस वेळ गेलेला बरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॅम्पपासून एकशे दहा किलोमीटरवर, प्रेरणाच्या हातातला रेडिओ बोलला. टिक... टिक... टिक...

"चौदा नंबर!" ती ओरडली. "आणि जिवंत आहे!"

जनावर हालचाल करत असलं की पट्ट्याचा आवाज संथ यायचा. ते बराच वेळ निपचित पडलं की टिकटिक घाईची व्हायची. हा आवाज संथ होता. प्रेरणानं अँटेना फिरवून दिशा धरली.

"सरळ उत्तरेला. चला, चला!"

"गवत काढायची वेळ झाली, ताई."

"दहाच मिनिटं! आवाज हातचा जाईल."

इलियासनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि गिअर टाकला. दहाची वीस मिनिटं झाली. विसाची पस्तीस. मग मोथुसींनी मान वर करून हवा हुंगली.

"थांबव! धूर!"

गाडी थांबेपर्यंत खालून ज्वाळा निघाल्या होत्या. तिघांनी उड्या टाकल्या. इलियास पाण्याच्या कॅनकडं धावला.

"पाणी नको! वाळू! वाळू!" मोथुसी गरजले आणि फावडं घेऊन चाकाखाली भिडले. इलियास हातांनीच वाळू लोटू लागला. प्रेरणा मागचं सामान बाहेर फेकत सुटली. तंबू, ताडपत्री, दोर, खाण्याची पेटी, औषधांची पेटी. ज्वाळा इंजिनापर्यंत चढल्या. वायर जळाल्याचा उग्र वास आला. मोथुसींच्या भुवया होरपळल्या, पण ते मागं हटले नाहीत. फावड्यामागून फावडं! आणखी! आणखी एक!

आग विझली. गाडी वाचली होती, पण रेडिएटरची रबरी नळी वितळून पाणी वाहून गेलं होतं आणि निम्मी वायरिंग जळाली होती. पुढं चार्जिंगला लावलेल्या सॅटेलाइट फोनचा काळा गोळा झाला होता. बाजूला बांधलेल्या पाण्याच्या तीन कॅनपैकी दोन फुटले होते. प्रेरणानं फेकलेल्या पेटीतल्या, जनावराला भूल देण्याच्या औषधाच्या सगळ्या बाटल्यांचा चुरा झाला होता.

उरलं होतं वीस लिटर पाणी. चौथ्या दिवशी ते परतले नाहीत, तरच कॅम्पवरून कुणी शोधायला निघणार होतं. मग इतक्या मोठ्या रानात त्यांना कुठं आणि किती दिवसांनी शोधणार?

"चूक माझी," प्रेरणा म्हणाली. "तुम्ही सांगत होता."

इलियास हाताला लागलेली काजळी पँटला पुसत होता. त्याला राग आला होता आणि तो दिसत होता.

"स्टेअरिंग माझ्या हातात व्हतं, ताई," तो म्हणाला. "थांबायचं मीच व्हतं. आता पाण्याचं बोला."

मोथुसींनी रेडिओकडं बोट दाखवलं. "पाण्याचं ती सांगते आहे. यंदा जनावरांची तहान भागवणारी रानकलिंगडं नाहीत. ओलं गवत नाही. अशा दिवसांत विल्डेबीस्ट पाण्यापासून लांब राहत नाही. ती जिवंत आहे, म्हणजे तिच्याजवळ पाणी आहे."

आवाजाच्या जोरावरून ती चारपाच किलोमीटरवर असावी. पण ऊन उतरल्याशिवाय चालणं म्हणजे घामातून पाणी घालवणं. पहाटे निघायचं ठरलं. संध्याकाळी गाडीच्या सावलीत तिघं बसले. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक पेला पाणी आलं. लांब क्षितिजावर विल्डेबीस्टच्या कळपानं उठवलेली धुळीची एक रेघ पश्चिमेकडं सरकत होती.

"त्या जनावराचं थोबाड बघितलं का कधी नीट?" इलियास म्हणाला. "शिंगं म्हशीची, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याची. अल्लानं उरल्यासुरल्यातून बनवलंय. नावबी तसंच. वाइल्ड बीस्ट. जंगली श्वापद."

"नावाचा अर्थ तो नाही, इलियासभाई," प्रेरणा म्हणाली. "डच लोक दक्षिण आफ्रिकेत आले, तेव्हा त्यांनी ठेवलेलं नाव आहे ते. त्यांच्या बोलीत बीस्ट म्हणजे जनावर, आणि गुरंसुद्धा. शेतकरी माणसं ती. माळावर चरणारे कळप पाहिले आणि त्यांना आपला गोठा आठवला असेल. विल्डेबीस्ट. रानातली गुरं. इंग्रजी कानाला ते श्वापद वाटतं."

"म्हंजे रानगुरं?"

"रानगुरं."

"आणि त्यांच्या आधी काय नाव नव्हतं व्हय? ती काय डच लोकांची वाट बघत व्हती?"

प्रेरणानं हे इंग्रजीत सांगितल्यावर मोथुसी मोठ्यानं हसले. "आम्ही खोकोंग म्हणतो. आणि दक्षिणेकडचे खोईखोई लोक तिच्या आवाजावरूनच तिला हाक मारत." त्यांनी नाकातून, घशातून एक खोल हुंकार काढला. "ग्नू! हे नाव तिनं स्वतःच सांगितलेलं."

इलियासनं तो आवाज काढून पाहिला. दोनतीनदा प्रयत्न केला. "आमच्या अब्बाची म्हैस अशीच हुंकारायची," तो म्हणाला आणि धुळीच्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिला.

पहाटे ते निघाले. पाणी, दोर, ताडपत्री, सुरी, रेडिओ एवढंच घेतलं. वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुतत होतं. तासाभरात गवत विरळ झालं आणि समोर एक उथळ, पांढरीफटक खोलगट जागा उघडली. पावसाळ्यात इथं तळं साचत असणार. आता मधोमध फक्त काळ्या चिखलाचं एक डबकं उरलं होतं.

आणि त्या चिखलात जनावरं होती.

दोन मेलेली. त्यांच्यावर गिधाडं बसलेली. त्यांच्या पलीकडं, काठापासून वीसेक फुटांवर, एक मादी पोटापर्यंत रुतलेली. तिनं मान हलवली. प्रेरणाच्या हातातला रेडिओ बोलला. टिक... टिक...

ती चौदा नंबर होती. आवाज संथ येत होता, कारण ती अजून मान तेवढी हलवत होती, आणि तिच्यात तेवढाच जीव उरला होता! काठावर वर्षभराचं एक पोर उभं होतं. माणसं दिसली तसं ते पन्नास पावलं पळालं, थांबलं, वळलं आणि पुन्हा परत आलं.

चिखलातलं पाणी माणसाला पिण्याजोगं नव्हतं. पण काठापलीकडं पत्र्याची एक खोली आणि सिमेंटचा कोरडा हौद दिसत होता. एके काळी इथं गुरं राखणाऱ्यांचा तळ होता. इलियास खोलीत शिरला आणि त्याची आरोळी आली, "ताई! इंजिन हाय! विहिरीवर असायचं तसलं!"

जुनं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. शेजारी बोअर, त्यावर पंप. खिळ्याला पंप फिरवायचा, उंदरांनी कुरतडलेला पट्टा लटकत होता. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता.

"तळ सोडला, कारण पाणी खारट झालं," मोथुसी म्हणाले. "पण जनावरं पितात. आपणही थोडं पिऊ शकू. डिझेल गाडीत आहे. मी आणतो."

"एकटे?" प्रेरणानं विचारलं.

"माझी पावलं या वाळूला ओळखीची आहेत, मा." ते आदरानं तिला 'मा' म्हणत. "तुम्ही दोघं इथलं बघा."

ते गेले. इलियास इंजिन तपासत बसला. प्रेरणानं खोलीचे निखळलेले दोन पत्रे ओढत नेले, चिखलावर टाकले आणि त्यांच्यावर पोटावर झोपून सरपटत ती चौदा नंबरपाशी पोहोचली. मादीनं डोळे वटारले. नाकपुड्यांतून गरम वाफ आली. पट्टा समोर होता, हातभर अंतरावर. प्रेरणानं सुरी काढली, आणि शिंगाचा फटका आला! पत्रा कलला. सुरी हातात राहिली हे नशीब.

भूल द्यायचं औषध नाही. जनावर जागं, भेदरलेलं. असा पट्टा कापता येणार नव्हता. तिनं आपली ओढणी चिखलात भिजवून मादीच्या डोळ्यांवर टाकली. अंधार झाला तशी ती थोडी शांत झाली. प्रेरणा तिच्या पाठीवर ओला चिखल थापत राहिली. ऊन चढत होतं.

दहाच्या सुमारास मोथुसी आले. खांद्यावर डिझेल, हातात हत्यारांची पेटी. इलियासनं पंपाचा कुरतडलेला पट्टा तारेनं सांधला, तेल घातलं, हँडल फिरवायला घेतलं. एकदा. दहादा. इंजिन नुसतं खोकत होतं.

तेवढ्यात काठावरच्या पोरानं जोरात फुरफुर केली. प्रेरणानं मान वळवली. गिधाडं उडाली होती. मेलेल्या जनावरांपाशी दोन तरस उभे होते. त्यातला एक मेलेल्याकडं बघतच नव्हता. तो चौदा नंबरकडं बघत होता आणि चिखलाच्या कडेकडेनं पुढं येत होता.

"हाड्!" प्रेरणा ओरडली. तिनं सुरीच्या मुठीनं पत्रा बडवला. ठण! ठण! ठण! तरस थबकला. डोकं खाली घालून पुन्हा दोन पावलं आला. मोथुसी काठी उगारून धावत सुटले, पण ते पार पलीकडच्या काठाला होते!

तरस पंधरा फुटांवर आला. दहा...

धडाम्! धड धड धड धड धड! इंजिनानं एकदम तोंड फोडलं. पत्र्याची सगळी खोली थरथरली, धुराचा काळा लोट वर गेला. दोन्ही तरस शेपट्या घालून असे पळाले की त्यांची धूळच तेवढी दिसली!

"चालू झालं! या अल्ला, चालू झालं!" खोलीच्या दारात इलियास काळ्या हातांनी नाचत होता. नळीतून आधी वारा आला, मग गंज, मग पाणी, आणि ते हौदात पडू लागलं. तिघांनी तोंडं धुतली. मोथुसींनी चाखून मान हलवली. खारट, पण जीव धरण्याजोगं.

आता खरा प्रश्न होता. पाणी मिळालं होतं. रेडिएटर भरून कॅम्प गाठता येणार होता. दिवस उतरला की चौदा नंबर मरणार, मग पट्टा सहज काढता येईल. हे तिघांनाही कळत होतं. मोथुसींनी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी अशा पुष्कळ माद्या पाहिल्या होत्या.

प्रेरणानं इलियासकडं पाहिलं. काल गाडी न थांबवायला तिनंच लावलं होतं. आज काही सांगायचा धीर तिला होईना.

"गुरं हाय, ताई," इलियास म्हणाला. "गाळात टाकून जायचं नाय. मी गाडी आणतो."

तो आणि मोथुसी पाण्याचा कॅन आळीपाळीनं खांद्यावर घेऊन परत गेले. नळी ट्यूबच्या तुकड्यानं गुंडाळली, जळालेल्या वायरी बाजूला काढून बॅटरी थेट जोडली. साडेतीनला गाडी गुरगुरत काठावर आली. तोवर प्रेरणानं हातांनी मादीचे पुढचे पाय उकरून मोकळे केले होते. प्रेरणाच्या नखांतून रक्त येत होतं.

"दोर गळ्याला नको!" तिनं बजावलं. "पुढच्या पायांमागून घ्या, आणि खाली ताडपत्री. आमच्या आजोबांची बैलजोडी ओढ्यात अडकली होती, तेव्हा असंच काढलं होतं."

दोर बांधताना शिंगानं मोथुसींची बाही फाडली. इलियासनं पहिला गिअर टाकला. दोर ताणला गेला. चाकं वाळूत गरगरली.

"हळू! अजून हळू!"

चिखलानं मादीला घट्ट धरलं होतं. मग पचक असा मोठा आवाज झाला, गाळ सुटला आणि ती पत्र्यावरून, ताडपत्रीवरून घसरत काठाला आली.

ती एका कुशीवर पडली होती. पोट फुगू लागलं होतं. रवंथ करणारं जनावर असं आडवं पडून राहिलं, तर वायूनंच मरतं.

"छातीवर बसवा तिला! गुडघे लावा!"

इलियास आणि मोथुसींनी पाठीला गुडघे लावून तिला सरळ धरलं. तिच्यात शिंग उचलण्याचंही बळ नव्हतं. हीच वेळ होती! प्रेरणानं सुरी पट्ट्याखाली सारली आणि ती कापायला लागली. जाड रबर, आत धागे. चौथा भाग कापला गेला. मग अर्धा. मादीचा श्वास बदलला. आधी घरघर, मग तुटक धापा. मान थरथरू लागली. अंग भट्टीसारखं तापलं होतं. धरून ठेवलेलं, भ्यालेलं जनावर असंच जातं, हे प्रेरणाला ठाऊक होतं. अजून पाच मिनिटं. पाच मिनिटांत पट्टा हातात आला असता, आणि बहुधा मादी गेली असती.

"ताई, जराच ऱ्हायलंय," इलियास पुटपुटला.

प्रेरणानं सुरी फेकून दिली.

"सोडा तिला. पाणी आणा. डोक्यावर, पोटावर. मग सगळे लांब व्हा."

त्यांनी बादल्या ओतल्या, ओढणी काढली आणि ते गाडीमागं जाऊन बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पोर हळूहळू जवळ आलं, आईला हुंगून उभं राहिलं. मादीनं पुढचे पाय रोवले. ती उठली, कोसळली. पुन्हा उठली. चारही पाय लटपटत होते. हौदापर्यंतचं अंतर चाळीस पावलांचं असेल, ते चालायला तिला बराच वेळ लागला. मग तिनं तोंड पाण्यात बुडवलं.

माळावर धूळ उठली. इंजिनाच्या आवाजाला भिऊन थांबलेली इतर जनावरं आता तहानेनं एकेक करून पुढं येऊ लागली. पन्नास, साठ, किती तरी. इलियासनं परतीपुरतं डिझेल मोजून बाजूला ठेवलं आणि बाकीचं सगळं इंजिनात ओतलं.

"पडेल तो पट्टा," मोथुसी म्हणाले. "अर्धा तुटलाय. कुठल्या तरी झुडपात अडकेल. रान मोठं आहे."

प्रेरणानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी कशीबशी कॅम्पला लागली. ठरल्या दिवशी समिती बसली. प्रेरणानं जे पाहिलं होतं, ते सांगितलं. समितीनं ते ऐकून घेतलं, पुरावा नसल्याचं नोंदवलं आणि निर्णय एक वर्ष पुढं ढकलला. मात्र तोवर त्या जुन्या बोअरचं इंजिन चालू ठेवायला परवानगी दिली. दर पंधरा दिवसांनी डिझेल घेऊन जायचं काम इलियासनं मागून घेतलं.

गाडी कॅम्पला लागली, त्याच संध्याकाळी त्यानं सिल्लोडला फोन लावला होता. जमिलाला, त्याच्या बायकोला, त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. आग, चिखल, तरस. ती मध्ये मध्ये "या अल्ला" म्हणत होती.

"मग मिळाला का तो पट्टा?" तिनं विचारलं.

"नाय मिळाला."

"आता? एवढं सगळं करून?"

इलियासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उठली ती, जमिला," तो म्हणाला. "आपल्या पायावर उठली."